दगडफुलाची साक्ष

उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करायचा ठरला की धने, खोबरे, मिरे, लवंग यांच्या यादीत दगडफूल असतेच. हाताला कागदासारखे हलके, एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळपट. कोरडे असताना त्याला फारसा वास नाही; पण गरम तेलात पडले की शेजारच्या घरालाही कळते, आज इथे मसाला भाजला जातो आहे. आपल्या आया-बहिणींच्या हातून दरवर्षी जाणाऱ्या या वस्तूबद्दल आपल्याला किती माहिती आहे? ते फूल नाही, पान नाही, झाडाची सालही नाही. मग ते आहे तरी काय?

या दगडफुलाच्या कुळातील एका लहानशा जातीने २००७ साली अमेरिकेच्या अलास्का राज्यात शास्त्रज्ञांना चांगलेच चकित केले. 'ही वस्तू या भागात नाही' असे ज्या ज्या पुस्तकांवरून वाटत होते, ती सारी पुस्तके त्या दिवशी अपुरी ठरली. त्या घटनेची हकिकत येथे सांगायची आहे. जे कागदावर नोंदले गेले नाही ते अस्तित्वातच नाही, असे धरून चालण्याची जगाला सवय आहे. ही सवय आपल्या समाजाला नवीन नाही. म्हणूनच ही हकिकत आपल्या घराघरांत वाचली जावी असे वाटते.

दोघांचा संसार

शास्त्रीय मराठीत दगडफुलाला 'शैवाक' म्हणतात. पावसाळ्यात मोरीच्या भिंतीवर धरते ते हिरवे शेवाळ वेगळे आणि शैवाक वेगळे. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल या दोन निरनिराळ्या जिवांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, दगडाला किंवा झाडाच्या सालीला घट्ट चिकटून राहते. तिच्या आत राहणारे शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. काही जातींत शैवलाच्या जागी नीलहरित जिवाणू असतात. उघड्या कातळावर, जिथे माती नाही, सावली नाही, तिथे एकट्याने जगणे दोघांनाही जड गेले असते. दोघे मिळून मात्र तिथे वर्षानुवर्षे तग धरतात. वाढ अगदी सावकाश, पुष्कळ जातींत वर्षाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. जगात शैवाकांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत. भारतात अडीच हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे.

शैवाक म्हणजे दोन जिवांची जोडी आहे, हे १८६० च्या दशकात सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने मांडले. तेव्हाच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. गंमत अशी की, खुद्द श्वेंडेनरनेही या जोडीचे वर्णन मालक आणि गुलाम असे केले. बुरशी मालक आणि शैवल तिचे गुलाम! ज्या समाजात वर-खाली हेच नाते ओळखीचे, तिथल्या माणसाला दगडावरही तेच दिसते. पुढे जर्मनीतील अंतोन द बारी यांनी १८७० च्या दशकात अशा जोडीसाठी एकत्र जगण्याची, म्हणजे सहजीवनाची कल्पना रूढ केली. वस्तू तीच होती, पाहणाऱ्याची नजर बदलली.

पाच हजार किलोमीटरवरची भेट

आता अलास्काच्या हकिकतीकडे वळू. तिची नायिका आहे 'एरिओडर्मा पेडिसेलॅटम' नावाचे शैवाक. नाव अवघड आहे, पण ओळख सोपी आहे. आकाराने रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे, वाळले की राखाडी-तपकिरी, कडा वर वळलेल्या, खालची बाजू पांढुरकी आणि वरच्या अंगावर घोंगडीसारखी बारीक लव. थंड, दमट जंगलातील सूचिपर्णी झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर ते वाढते. त्याच्या पोटात नीलहरित जिवाणू असतात. त्यामुळे ते फार नाजूक असते. कारखान्यांच्या धुरातून पडणारा आम्लयुक्त पाऊस त्याला सोसत नाही.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील कॅम्पोबेलो बेटावर १९०२ साली ते प्रथम गोळा केले गेले. पुढे कॅनडातीलच नोव्हा स्कोशिया आणि न्यूफाउंडलंड, आणि समुद्रापलीकडे नॉर्वे व स्वीडन, एवढ्या ठिकाणी ते सापडले. म्हणजे अटलांटिक महासागराच्या दोन काठांवरची ही रहिवासी, अशी तिची ओळख पक्की झाली. नंतर जंगले तुटली, हवा बिघडली आणि एकेका ठिकाणाहून ते नाहीसे होत गेले. जिथे ते पहिल्यांदा मिळाले त्या भागातूनही गेले. २००३ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने धोक्यातील जातींच्या लाल यादीत ज्या पहिल्या दोन शैवाकांची नावे घातली, त्यांपैकी हे एक. आता न्यूफाउंडलंड एवढाच काय तो मोठा आधार उरला, असे जाणकार मानीत होते.

आणि २००७ साली अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात शैवाकांची पाहणी करताना स्प्रूसच्या झाडांवर तेच राखाडी, लव असलेले शैवाक हाती आले! न्यूफाउंडलंडपासून ही जागा पाच हजार किलोमीटरहून दूर. काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या दीडपटीपेक्षाही जास्त. सारा खंड ओलांडून पलीकडच्या टोकाला. तोवर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कुठेही त्याची नोंद नव्हती. पीटर नेल्सन, जेम्स वॉल्टन आणि कार्ल रोलँड यांनी २००९ साली हा शोध रीतसर प्रसिद्ध केला. पुढे शोध घेतला तेव्हा त्या भागात ते एकदोन नव्हे, तर हजारोंच्या संख्येने असल्याचे दिसून आले. नंतर रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पातही ते मिळाले. ज्याला जग 'संपत आलेले' म्हणत होते, ते दुसऱ्या टोकाला निवांत नांदत होते.

ते तिथे गेले कसे?

अशा वेळी शास्त्रज्ञ तीन शक्यता तपासतात. पहिली, ती वस्तू तिथे नव्यानेच आली असेल. दुसरी, ओळखण्यात किंवा चिठ्ठी लावण्यात चूक झाली असेल. तिसरी, ती तिथे पूर्वीपासूनच असेल, कोणी पाहिली नसेल.

डेनालीच्या बाबतीत पहिली शक्यता मनाला पटत नाही. हे शैवाक बीजाणूंनी पसरते. बीजाणू वाऱ्यावर उडून जाईल, पण तो फक्त बुरशीचा असतो. नव्या जागी त्याला योग्य जोडीदार भेटला तरच शैवाक उभे राहते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जिवाचे हजारो संसार एखाद्या वर्षात उभे राहत नाहीत. दुसरी शक्यता तपासून दूर करता येते. नमुना भिंगाखाली पाहतात, त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, जुन्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहतात. शैवाक ओळखताना कॉस्टिक पोटॅशचा किंवा ब्लीचिंगच्या द्रावणाचा एक थेंब टाकून रंग बदलतो का, तेही पाहण्याची रीत आहे. मग नमुना, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव यांसह संग्रहात जपून ठेवतात, म्हणजे उद्या कोणालाही तो पुन्हा तपासता येतो.

मग उरते तिसरी शक्यता. ते तिथे होते. पाहणारा डोळा तिथे पोचला नव्हता. दुर्गम प्रदेश, लहानसा जीव आणि त्याला ओळखणारी माणसे जगात मोजकीच. नकाशावर जिथे काहीच खूण नव्हती, तिथला अर्थ 'नाही' असा नव्हता, 'पाहिले नाही' असा होता.

महाराष्ट्रातील वनपिंगळा

असा प्रकार आपल्या महाराष्ट्रातही घडला आहे. दगडफुलाच्या नव्हे, एका घुबडाच्या बाबतीत. वनपिंगळा हे छोटे घुबड. त्याला शास्त्रीय नाव १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी दिले. तेच ह्यूम ज्यांचा काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार होता. जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याचे अवघे सात नमुने. त्यांतला शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा, खानदेशातला. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तो कोणाला दिसला नाही. तो नामशेष झाला असेच बहुतेकांना वाटू लागले.

मात्र एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. चिठ्ठी लिहिणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन, इंग्रजांच्या सैन्यातील अधिकारी आणि नावाजलेले पक्षितज्ज्ञ. एवढ्या मोठ्या माणसाचे लिहिणे खोटे कसे असेल? पण पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि भांडे फुटले. नमुना जुनाच, दुसऱ्याने गोळा केलेला. कर्नलसाहेबांनी तो पळवून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावली होती! रासमुसेन यांनी मांडवीचा नाद सोडला आणि सहकाऱ्यांसह खऱ्या नमुन्यांच्या जागा गाठल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ वनपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

गोष्ट इथे संपत नाही. वनपिंगळा सातपुड्याचा आणि मध्य भारतातील जंगलांचा, असे पुन्हा ठरून गेले. २०१४ साली तो ठाणे जिल्ह्यात, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात आढळला. सातपुडा कुठे आणि तानसा कुठे! मुंबईच्या इतक्या जवळ असूनही पुस्तकांत त्याला तिथे जागा नव्हती.

दगडफूल आणि घुबड या दोन्ही हकिकती एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एकीकडे कागदावर नसलेली वस्तू प्रत्यक्षात होती. दुसरीकडे कागदावर असलेली नोंद प्रत्यक्षात खोटी होती. दोन्हीचा उलगडा एकाच गोष्टीने झाला: कोणीतरी स्वतः जाऊन पाहिले.

एहिपस्सिको

आपण विहारात धम्मवंदना म्हणतो तेव्हा धम्माचा एक गुण 'एहिपस्सिको' असा सांगतो. या आणि पाहा. भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीतील कालामांना हेच सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका; स्वतः पारखा, मग स्वीकारा. ही शिकवण फक्त देवाधर्माच्या बाबतीत नाही. कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीलाही ती लागू होते.

कारकुनी करणाऱ्या माणसाला नोंदीचे बळ वेगळे सांगावे लागत नाही. सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून कसणाऱ्याच्या हातून जमीन जाते, रजिस्टरात जन्म नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडतो. जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, असे आपले कार्यकर्ते दारोदार का सांगत फिरतात? १९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशात बौद्ध दोन लाखांच्याही आत होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ साली तो आकडा बत्तीस लाखांवर गेला. ही माणसे दीक्षेच्या आधीही होती. जगाच्या वहीत ती दुसऱ्याच नावाने मांडली जात होती. दीक्षा घेऊनही ज्यांच्या रकान्यात जुनेच काही लिहिले गेले, ते आजही मोजणीत नाहीत.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. ज्यांचा इतिहास कोणी लिहूनच ठेवला नाही, त्यांचा इतिहास शोधायचा कसा? त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पुराव्याच्या साखळीतील तुटलेल्या दुव्यांचा प्रश्न मांडला आहे. दुवा मिळत नाही म्हणून काम सोडून न देता तर्काने पूल बांधावा आणि तर्काला तर्कच म्हणावे, ही त्यांची भूमिका होती. शास्त्राची शिस्त याहून वेगळी नसते.

हे काम कोणाचे?

असे शोध म्हणजे परदेशी शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांचे काम, असे आपल्या मुलामुलींना वाटते. त्यांना टोबी स्प्रिबिल यांची हकिकत सांगावी. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात गरिबांच्या फिरत्या घरांच्या वस्तीत ते वाढले. घरची मंडळी एका कर्मठ धार्मिक पंथातील. शिक्षण घरीच, आणि त्यात विज्ञानाला जागा नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी वनखात्यात काम धरले, पैसे साठवले. हाती शाळेचे रीतसर प्रमाणपत्र नसल्याने विद्यापीठांचे दरवाजे बंद होते. अखेर जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. याच स्प्रिबिल यांनी २०१६ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, काही शैवाकांच्या सालीत आणखी एक, यीस्ट जातीची बुरशीही राहते. श्वेंडेनरपासून जवळजवळ दीडशे वर्षे जाणकारांच्या भिंगाखालून ती निसटत होती! बंद दारातून आलेल्या माणसाने ती पाहिली.

आपल्या राज्यातही या विषयाची परंपरा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. प्र. गो. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील शैवाकांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथल्या संग्रहात हे नमुने जपलेले आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलीला हा रस्ता आहे, एवढे तरी घरात माहीत असावे.

आपल्या जिल्ह्याच्या कातळावर

अहिल्यानगर जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर, या कामासाठी मोठा भाग्यवान आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात महाराष्ट्रातील सर्वात उंच, १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि घाटघरचा धो-धो पाऊस. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतचा कोरडा माळ. एकाच जिल्ह्यात ओल्या रानातील पानासारखी शैवाके आणि उन्हात तापणाऱ्या काळ्या दगडावर रंगाच्या डागासारखी चिकटलेली शैवाके, दोन्ही पाहता येतात. दगडावरचा पांढरा, पिवळा किंवा राखाडी गोल डाग हा पुष्कळदा सजीव असतो, हे कळले तरी गावाबाहेरच्या खडकाकडे पाहण्याची नजर बदलते.

दगडफूल हवेची साक्षही देते. त्याला मुळे नसतात. जे काही घ्यायचे ते हवेतून आणि पावसातून. म्हणून बिघडलेल्या हवेत नाजूक जाती आधी मरतात. पॅरिस शहरातील हवा आणि शैवाके यांचा हा संबंध विल्यम नायलँडर यांनी १८६६ सालीच दाखवला होता. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये हजारो शाळकरी मुलांनी झाडांवरील आणि भिंतींवरील शैवाके पाहून देशातील हवेच्या प्रदूषणाची पाहणी केली. साखर कारखान्याच्या चिमणीखाली किंवा एमआयडीसीच्या कडेला ज्यांची घरे आहेत, ती बहुतेक आपलीच माणसे आहेत. हवा मोजण्याची महाग यंत्रे आपल्याजवळ नाहीत. पण कारखान्याजवळची दहा झाडे आणि पाच किलोमीटरवरची त्याच जातीची दहा झाडे पाहून फरक लिहिता येतो. तेवढ्याने दोष कोणाचा हे सिद्ध होणार नाही. मात्र अर्जाला जोडायला तारीखवार नोंद हाती राहील, आणि रिकाम्या हाताने गेलेल्या अर्जाचे काय होते हे आपण जाणतो.

विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो, तिथे हे सहज करता येईल. दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, एक वही आणि मोजपट्टी पुरे. झाड कोणते किंवा दगड कसा, गाव कोणते, तारीख कोणती, डागाचा रंग आणि रुंदी किती, एवढे लिहावे. जमले तर मोबाईलवर फोटो घ्यावा आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. शैवाक खरवडून काढू नये. मिलिमीटरने वाढलेला संसार नखाने एका क्षणात जातो. अभयारण्यातून तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही आणू नये. रानात दिसले ते दगडफूल मसाल्यात टाकू नये. सगळ्याच जाती खाण्याजोग्या नसतात.

शाळेच्या प्रयोगशाळेतील लिटमस कागदाचा रंगही मुळात शैवाकांपासूनच काढत असत, हे मुलांना सांगितले तर पुस्तकातला धडा आणि गावचा दगड यांचा संबंध त्यांना आपोआप कळेल. प्रत्येक मुलाला नवी जात सापडणार नाही. पण वही भरत गेली तर आपल्या गावात काय आहे आणि काय नाही, हे सांगण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. येत्या रविवारी पहिले पान लिहायला घ्यावे. वर गावाचे नाव आणि तारीख घालायला विसरू नये.